डॉट कॉम आणि डॉट इन : नियम कोणाचे?

वेबसाइटसाठी 'डॉट कॉम' घ्यायचं की 'डॉट इन', याचा निकाल बहुतेक जण किंमत बघून लावतात. दोन्ही नावं एकाच दुकानात मिळतात, त्यामुळे ती एकाच जातीची वाटतात. पण त्यांच्यामागचा कारभार अगदी वेगळा आहे, आणि नाव घेण्याआधी तो समजून घ्यायलाच हवा.

डॉट कॉमचं सोपं आहे. आयकॅन ही इंटरनेटवरच्या नावांची जागतिक व्यवस्था बघणारी, १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था. तिच्याशी केलेल्या करारानुसार व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी डॉट कॉमची नोंदवही सांभाळते. नाव घेणारा पुण्यातला असो की पेरूमधला, नियम तेच.

डॉट इनसारखी, डॉटनंतर इंग्रजीतली दोनच अक्षरं असलेली नावं मात्र देशांची किंवा प्रदेशांची असतात. ती कोणाला द्यायची, भांडण कसं सोडवायचं, हे तिथले लोक ठरवतात. जर्मनीच्या डॉट डीईचा कारभार फ्रँकफर्टची डेनिक ही चक्क सहकारी संस्था बघते; सहकारावर वाढलेल्या महाराष्ट्राने याची दखल घ्यावी असं मला मनापासून वाटतं. कॅनडाचं डॉट सीए हवं असेल तर कॅनडाशी नातं दाखवावं लागतं. तुवालू या चिमुकल्या बेटांच्या देशाला डॉट टीव्हीतून मोठं उत्पन्न मिळतं. डॉट एआय तर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी काढलंय असंच अनेकांना वाटतं. ते कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विलाचं आहे.

आपलं डॉट इन सुरुवातीच्या काळात मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेकडे होतं. २००५पासून निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेच्या कारभाराखाली ते सर्वांना खुलं झालं, अगदी परदेशी माणसालाही. वाद झाला तर निक्सीचीच लवादाची पद्धत लागू होते.

नियम देशाचे, म्हणजे राजकारणही देशाचं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१पासून ब्रिटनमधल्यांनी घेतलेली, युरोपीय संघाच्या डॉट ईयूमधली हजारो नावं गोठवली गेली. त्या पत्त्यांवरच्या वेबसाइट बंद, ईमेलही बंद. पैसे वेळेवर भरले होते, तरीही. डॉट कॉमवाल्यांना मात्र ब्रेक्झिटची झळ लागली नाही.

देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४ साली आलं. पूर्ण नाव मराठीत लिहिता येतं म्हणून ते मला फार जवळचं वाटतं. तेही देशाचंच नाव, त्यामुळे तिथेही नियम निक्सीचे.