रुमालावरचा डाग: निकोटिन की टार?

सिन्नरच्या मामांना डॉक्टरांनी विडी सोडायला निकोटिनचं च्युइंगम लिहून दिलं. मामांनी सीबीएस बसस्थानकाजवळच्या टपरीवर पाकीट उलटंपालटं केलं आणि माझ्याकडे सरकवलं. "ह्याच्यावर तर सरळ निकोटिन लिहिलंय. कॅन्सर त्याच्यानंच होतो ना? मग हे कशाला चघळू?" असं म्हणून त्यांनी विडी पेटवली.

निकोटिन आणि टार ही नावं कायम जोडीनं कानावर पडतात, म्हणून दोन्ही एकच वाटतात. निकोटिन तंबाखूच्या पानातच असतं, पेटवा किंवा नका पेटवू. किडींनी खाऊ नये म्हणून झाडानं केलेली ही सोय. पूर्वी पिकावरच्या मावा किडीवर तंबाखूचा काढा फवारायचे तो याच गुणामुळे. आणि द्राक्षबागेत उडद्या किडीवर मारतात ते इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशकही निकोटिनच्याच धर्तीवर बेतलेलं. झुरक्याबरोबर निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं ओसरतं, की हात पुन्हा बंडलाकडे जातो. तलफ लावणारं हेच. गरोदर बाईला किंवा हृदयरोग्याला ते निरुपद्रवी अजिबात नाही, पण कॅन्सरचा मुख्य आरोपी ते नव्हे.

टार मात्र पानात नसतोच, तो जळण्यातून तयार होतो. झुरका ओढताना पेटतं टोक ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापतं, पान अर्धवट जळतं आणि चिकट कण धुरात उतरतात. प्रयोगशाळेत तो धूर फिल्टरमधून ओढतात. फिल्टरवर जमलेल्या ऐवजातून पाणी आणि निकोटिन वजा केलं की उरतो तो टार. म्हणजे व्याख्येतच निकोटिन बाहेर! बेंझोपायरीनसारखे कॅन्सरकारक पदार्थ या उरलेल्या चिकट्यात असतात.

मामांना हे पटेना. मग झुरका तोंडातच धरून माझ्या पांढऱ्या रुमालातून सोडायला लावला. रुपयाएवढा पिवळट तपकिरी डाग उमटला.

"हे बघ निकोटिन!"

"नाही मामा. शुद्ध निकोटिनला रंग नसतो. तुमची बोटं पिवळी झालीत तीही मुख्यतः टारनंच."

त्यात विडीचं टेंभुर्णीचं पान हवा धड आत घेत नाही, सारखी विझते, म्हणून जोरजोरात ओढावी लागते. "विडी म्हणजे साधी, देशी" हे म्हणणं मला तरी कधी कळलं नाही. शिवाय कार्बन मोनॉक्साइड रुमालातून आरपार जातो, डागही ठेवत नाही, आणि रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो.

"मग तळहातावर मळलेली बरी. जळत नाही, टार नाही," मामांनी तेवढ्यात पळवाट शोधली. पण पान वाळवताना आणि मुरवताना त्यात नायट्रोसामाइन्स तयार होतात, ती न जाळताही तोंडाचा कॅन्सर करतात. चुना कशाला लावतात? त्याच्या अल्कधर्मामुळे निकोटिन गालातून पटकन रक्तात शिरतं. आम्लात उलटं होतं, शोषण मंदावतं, म्हणून चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं तरी ते च्युइंगम तोंडात टाकायचं नाही. नेहमीसारखं कचाकचा चावायचंही नाही. हळू चावायचं, चुणचुणलं की गालात दाबून ठेवायचं.

मामांनी विडी चुरगळली, अर्धा कटिंग बाजूला सारला आणि घड्याळात बघितलं. "पंधरा मिनिटं ना?"