तपकिरी शिंपल्याच्या ‘इंडिका’ या नावामागचा वाद
मालवणकडे ज्याला शिनाणे म्हणतात तो हिरवा शिंपला, म्हणजे पर्ना विरिडिस, मुंबईसह कोकणपट्टीच्या खडकांवर वाढतो. त्याचा तपकिरी भाऊबंद मात्र भारतात मुख्यतः कोल्लमपासून कन्याकुमारीपर्यंतच्या, लाटांचा मारा झेलणाऱ्या खडकांवर आढळतो. रंग पाहून ओळख पटेलच असे नाही, कारण हिरव्या जातीच्या मोठ्या शिंपल्यावर बराच तपकिरीपणा चढतो आणि हिरवा रंग कडेपुरता उरतो. खालच्या कडेचा बाक अधिक भरवशाचा आहे: हिरव्यात ती कड आत वळलेली असते, तर तपकिरीत जवळजवळ सरळ.

हिरव्या जातीचे नाव 1758 पासूनचे असून पुढे वंश (शास्त्रीय नावातला पहिला शब्द, जवळच्या जातींचा गट) मिटिलसचा पर्ना झाला, एवढाच त्यातील बदल. तपकिरीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. आपल्याकडील जुन्या लेखनात तोही मिटिलस म्हणूनच वावरत होता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी केरळच्या किनाऱ्यावरील विळिंजम येथे तराफ्यांवर दोर सोडून शिंपल्यांची शेती करून पाहण्यात आली. असे प्रयोग सुरू झाल्यावर नेमकी कोणती जात वाढवली जात आहे, हा प्रश्न केवळ संग्रहालयापुरता राहिला नाही. 1976 मध्ये ही स्वतंत्र भारतीय जात असल्याचे मांडून तिला ‘पर्ना इंडिका’ हे नाव देण्यात आले. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांवरील, 1758 मध्येच नोंदलेल्या पर्ना पर्नाशी तिचे असलेले विलक्षण साम्य तेव्हाच अधिक कसोशीने तपासले जायला हवे होते. तसे न झाल्याने मत्स्यशेतीच्या पुस्तिकांत ‘इंडिका’ हेच नाव रुजले.

2016 मध्ये जनुकीय पुरावा आणि कवचांची मोजमापे एकत्र मांडून असा निष्कर्ष काढण्यात आला की हा शिंपला पर्ना पर्नाच असून तो ओमानच्या परिसरातून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण भारतात आला. अरबस्तान आणि मलबार यांच्यातील जहाजांचा जुना राबता पाहता हे पटण्यासारखे आहे, आणि प्रस्तुत लेखकाला हा पुरावा निर्णायक वाटतो. ज्याच्या नावातच भारत आहे, तो पाहुणा ठरतो. उलट आपला हिरवा शिंपला 1990 च्या दशकात कॅरिबियन समुद्रात आणि फ्लोरिडात पोहोचला व तेथे उपद्रवी परका गणला गेला.

नाव बदलल्याने विळिंजमच्या चिप्पीची (शिंपल्याचे तिकडचे नाव) चव बदलत नाही. मात्र ‘इंडिका’ या नावाखाली झालेले वाढीचे, प्रजननाचे आणि शेतीचे सारे भारतीय काम आता दक्षिण आफ्रिका व ब्राझील येथील पर्ना पर्नावरील अभ्यासाशेजारी ठेवून वाचावे लागते.