उद्यानात पुतळा बसवायचाय? आधी जागेचा कागद काढा

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानात राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा होता. ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी तो चौथऱ्यावरून उखडला आणि मुठा नदीत टाकला. राग होता ‘राजसंन्यास’ नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणाचा, आणि महापालिकेची निवडणूक दीड महिन्यावर आली होती. त्यानंतर दोन मागण्या सुरू झाल्या. एका बाजूला गडकऱ्यांचा पुतळा परत हवा होता, दुसऱ्या बाजूला उद्यानाला ज्यांचं नाव आहे त्या संभाजी महाराजांचा. सभा, निवेदनं, चर्चा सगळं झालं. गंमत अशी, की दोन्ही बाजूंना जमवावे लागणारे कागद अगदी सारखे आहेत. ते कागद नेमके कुठले आणि अर्ज कुठे अडतात, हे सांगायला हा लेख. गाव कुठलंही असो, पुतळा कुणाचाही असो.

परवानगी देतं कोण

महाराष्ट्रात सार्वजनिक जागेवर राष्ट्रपुरुष किंवा थोर व्यक्तीचा पुतळा उभारण्यासाठी सामान्य प्रशासन विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आधी २ फेब्रुवारी २००५ चा शासन निर्णय होता, नंतर २ मे २०१७ चा सुधारित आला. पूर्वी फाइल मंत्रालयात जायची. २०१७ पासून मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर आली. पोलीस, बांधकाम विभाग आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांचे अभिप्राय एकत्र आले, की निर्णय तिथे होतो. अर्ज लिहायला बसण्यापूर्वी शासनाच्या संकेतस्थळावरून हा निर्णय आणि त्यानंतरची शुद्धिपत्रकं उतरवून घ्या आणि स्वतः वाचा. दुसऱ्या मंडळानं वापरलेली जुनी झेरॉक्स नको.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती गोष्ट. ग्रामसभेचा, नगरपरिषदेचा किंवा महापालिकेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे. ठराव हा अर्जाला जोडायच्या कागदांपैकी एक. तरी दरवर्षी कुठे ना कुठे ठराव झाला की पेढे वाटले जातात, फ्लेक्स लागतात, चौथऱ्याचं भूमिपूजन होतं, आणि मग तहसीलमधून नोटीस आली की लोक गोंधळतात. “सभागृहानं एकमतानं मंजूर केलं ना?” केलं. पण सभागृहानं फक्त एवढंच म्हटलं, की आमची हरकत नाही.

आमदारांच्या शिफारसपत्राचंही तेच. जोडा, कुणी नको म्हणत नाही. पण त्यानं एकही कागद कमी होत नाही.

जागेचा कागद, जो कुणाकडेच नसतो

बहुतेक अर्ज पुतळ्यावर अडत नाहीत, जमिनीवर अडतात. उद्यान आहे, महापालिकेची पाटी आहे, माळी आहे, संध्याकाळी सातला कुलूप लागतं, म्हणून जागा महापालिकेचीच असणार असं आपण धरून चालतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढली, की भलतंच नाव निघतं. कुठे मूळ मालकाचे वारस, कुठे ‘महाराष्ट्र शासन’, कुठे एखादं जुनं देवस्थान. विकास आराखड्यात जागेवर उद्यानाचं आरक्षण असतं, ताबा पालिकेकडे असतो, पण मालकी हक्कात नोंद झालेलीच नसते. मालकाचं ना हरकत पत्र हवं म्हटल्यावर, मालक कोण हेच ठरवायला एक पावसाळा जातो.

सोसायटीच्या लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर बाग असेल तर आणखी वेगळा घोळ. ती जागा सगळ्या प्लॉटधारकांची. अध्यक्षांची एकट्याची सही तिथे चालत नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात तीन कागद काढा: चालू तारखेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, विकास आराखड्याचा भाग नकाशा, आणि भूमी अभिलेखकडची मोजणी. मोजणीचा अर्ज सगळ्यात आधी टाका, तिथे रांग असते. चौथरा नकाशावर नेमका कुठे येणार हे लाल शाईनं दाखवा. ‘उद्यानात मध्यभागी’ असं लिहिलेला अर्ज हमखास परत येतो.

चौथऱ्याच्या जागी किंवा लगत झाड असेल, तर शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते. फांदी छाटायलासुद्धा. आणि त्या झाडाला हात लावायचा नाही असं म्हणणारे बागेत रोज फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक तुमच्यापेक्षा चिवट असतात, हे लक्षात असू द्या.

रस्त्याकडेची जागा मागत असाल तर आधी सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश वाचा. केरळमधल्या एका पुढाऱ्याच्या पुतळ्याच्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं, की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर यापुढे पुतळ्याला परवानगी देऊ नये. चौकातले, दुभाजकावरचे प्रस्ताव तिथेच संपतात. उद्यानाच्या बाबतीतही ‘सार्वजनिक उपयोगाची जागा’ हा मुद्दा विरोधक काढणारच. तेव्हा पुतळ्यामुळे बागेच्या वापरात अडथळा येत नाही हे आराखड्यातच दिसू द्या: चालण्याचा मार्ग, मुलांच्या खेळण्यांची जागा, फाटकं.

दोन किलोमीटरची अट

त्याच व्यक्तीचा पुतळा दोन किलोमीटरच्या परिसरात आधीच नसावा, अशी अट आहे. हे अंतर लोक रिक्षाच्या मीटरनं मोजतात. अट त्रिज्येची आहे, म्हणजे नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ काढायचं. रस्त्यानं अडीच किलोमीटर दूर असलेला पुतळा हवाई अंतरानं दीडवर निघतो आणि अर्ज संपतो. शिवाजी महाराज आणि डॉ. आंबेडकर यांच्या पुतळ्यांचे शहरातले बरेच प्रस्ताव या एकाच कलमावर जातात. ‘तो अर्धपुतळा आहे, आमचा पूर्णाकृती आहे’ किंवा ‘तो शाळेच्या आवारात आहे’ असे युक्तिवाद ऐन बैठकीत करू नका. परिसरात कुठे काय आहे त्याची यादी स्वतःच जोडा. लपवलेला पुतळा पोलीस पाटलाच्या अहवालात निघाला, की पुढच्या प्रत्येक कागदाकडे संशयानं बघितलं जातं.

अर्जदार कोण, हेही बघतात

अर्ज नोंदणीकृत संस्थेनं किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेनं करायचा. गणेशोत्सवाची तात्पुरती परवानगी म्हणजे नोंदणी नव्हे. मंडळाला धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी क्रमांक हवा. इथे दुखणं वेगळंच असतं. संस्था १९९२ ची, त्या वेळच्या विश्वस्तांपैकी निम्मे वारलेले, आणि परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, अजून त्यांचीच नावं. नव्या कार्यकारिणीनं बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यायचा असतो, तो कुणी दिलेलाच नसतो. मग ज्यांनी अर्जावर सह्या केल्या, ते कागदोपत्री संस्थेचे कुणीच नसतात. पुतळ्याचं सोडा, आधी हे सुधारून घ्या. लेखापरीक्षित हिशेबही लागतील, कारण खर्च आणि पुढची देखभाल संस्थेनं करायची आहे, शासन पैसे देणार नाही, असं हमीपत्र द्यावं लागतं.

त्याच हमीपत्रात आणखी एक ओळ असते आणि ती कुणी वाचत नाही. रस्ता रुंदीकरण किंवा इतर सार्वजनिक कामासाठी पुतळा हलवावा लागला तर विरोध करणार नाही. सही करण्यापूर्वी मंडळाच्या सभेत ही ओळ मोठ्यानं वाचून दाखवा. दहा वर्षांनी हीच ओळ समोर ठेवतात.

मातीचा नमुना

मुंबईत सर ज. जी. कला शाळेच्या आवारात कला संचालनालय आहे. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला, म्हणजे क्ले मॉडेलला, त्यांची मान्यता लागते. चेहरा, पोशाख, शस्त्र, उभं राहण्याची ढब, प्रमाण, सगळं ते बघतात. लोक काय करतात, आधी कारखान्यातून तयार फायबरचा पुतळा उचलतात, सोनेरी रंग मारतात, आणि मग त्याचे फोटो घेऊन मान्यता मागायला जातात. तयार पुतळ्यात नाक बदलता येत नाही. माती असेपर्यंतच दुरुस्ती होते, म्हणून तर नमुना मातीचा मागतात.

शिल्पकाराच्या कार्यशाळेत एकदा जाऊन या. लोखंडी सांगाड्यावर माती चढवलेली असते, भोवती ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक. रोज पाणी मारावं लागतं. समितीचा दौरा लांबला आणि चार दिवस पाणी चुकलं, की खांद्यापासून कोपरापर्यंत भेग पडते आणि एखादं बोट गळून खाली येतं. त्यामुळे नमुना तयार व्हायच्या आधीच संचालनालयाला पत्र द्या, तारीख मागा, आणि शिल्पकाराशी करार करताना ‘मान्यता मिळेपर्यंत माती जपण्याची जबाबदारी’ हे कलम घाला. त्याची मजुरी वेगळी द्यावी लागली तरी द्या.

अर्जात अंतिम उंची लिहा. चौथऱ्याची वेगळी, पुतळ्याची वेगळी. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा नौदल दिनी, ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. तेव्हा कला संचालकांनी सांगितलं होतं, की त्यांच्याकडे मान्यतेला आला तो सहा फुटांचा नमुना, प्रत्यक्षात पुतळा पस्तीस फुटी होणार हे कळवलेलंच नव्हतं. संचालनालय कलेच्या अंगानं मान्यता देतं. वारा, गंज, पाया, जोड यांची जबाबदारी स्थापत्य अभियंत्याची, आणि त्याचा स्थैर्य दाखला वेगळा घ्यायचा. एक झाला म्हणून दुसरा सोडू नका.

पोलिसांचा अभिप्राय आणि वाद असलेले पुतळे

पोलिसांकडून दोन गोष्टी हव्या असतात. वाहतुकीला अडथळा नाही, आणि कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवणार नाही. दुसऱ्या मुद्द्यावर, ज्या व्यक्तीबद्दल वाद आहे तिचा पुतळा जवळजवळ नेहमी अडतो. ठाण्यातला अंमलदार ‘शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ एवढं एक वाक्य लिहितो आणि फाइल बंद. हे वाक्य कुणाबद्दलही लिहिता येतं, त्याला काही अभ्यास लागत नाही. राग येतो, पण ठाण्यात जाऊन भांडून उपयोग नाही. परिसरातल्या इतर संस्थांची, वेगवेगळ्या समाजांच्या मंडळांची संमतीपत्रं आधीच जमवा, शांतता समितीच्या बैठकीत विषय मांडा, इतिवृत्ताची प्रत घ्या. मग त्या एका वाक्यासमोर ठेवायला तुमच्याकडे काहीतरी असतं.

रात्रीतून पुतळा बसवण्याचा मार्ग सुचवणारे भेटतीलच. ‘एकदा बसला की काढायची हिंमत कोण करतंय?’ काढतात. अमरावतीत जानेवारी २०२२ मध्ये राजापेठ उड्डाणपुलावर विनापरवानगी बसवलेला शिवरायांचा पुतळा महापालिकेनं काही दिवसांतच हटवला. पुढच्याच महिन्यात आयुक्तांवर शाईफेक झाली, गुन्हे दाखल झाले. पुढाऱ्यांचे खटले पुढारी बघतात. गाडी भाड्यानं आणून दिलेल्या पोराचं पोलीस पडताळणीत काय होतं, ते त्याच्या आईला विचारा.

असलेला पुतळा हटवायचा किंवा परत बसवायचा असेल तर

पुण्याच्या लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा २७ डिसेंबर २०१० ला रात्री हलवला गेला, पण त्यामागे सर्वसाधारण सभेचा ठराव होता. संभाजी उद्यानात ठराव नव्हता, हातोडे होते. मुंबईत ‘काळा घोडा’ म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये रस्त्यावरून उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवला, आजही तिथेच आहे. निर्णय पटो न पटो, कागदावर असला की नंतर त्याला आव्हान तरी देता येतं.

पुतळा परत बसवण्याची मागणी करणाऱ्यांनी ‘पूर्वी होताच की’ यावर विसंबू नये. जुना पुतळा कुठल्या ठरावानं बसला, कुणाच्या खर्चानं, पालिकेच्या मालमत्ता नोंदवहीत आहे का, हे आधी शोधा. जुन्या बऱ्याच पुतळ्यांच्या फाइली ‘आढळून येत नाहीत’. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवस थांबा, उत्तर न आल्यास पहिलं अपील. मागताना ‘पुतळा का काढला’ असं विचारू नका, कारणं सांगायला ते बांधील नाहीत. ‘अमुक उद्यानातील पुतळ्यासंबंधीच्या ठरावाची व नोंदवहीतील उताऱ्याची प्रमाणित प्रत’ असं लिहा.

तारखांचं

१९ फेब्रुवारीचं किंवा १४ एप्रिलचं अनावरण ठरवून डिसेंबरात अर्ज करू नका. पत्रिका छापून झाल्यावर आलेला अर्ज ओळखू येतो, कारण अर्जदार रोज फोन करतो. मध्ये आचारसंहिता लागली तर बैठकही नाही आणि अनावरणही नाही. जानेवारी २०१२ मध्ये उत्तर प्रदेशच्या निवडणुकीत लखनौ आणि नोएडाच्या उद्यानांतले मायावतींचे आणि हत्तींचे उभे पुतळेसुद्धा निवडणूक आयोगानं झाकायला लावले होते, मग नव्याचं काय.

पोलीस अभिप्राय जुना झाला की पुन्हा मागवतात, म्हणून तो सगळ्यात शेवटी घ्या. जमीन, ठराव, नमुना, मग पोलीस. प्रत्येक कागद देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. ‘साहेबांकडे दिलंय’ याला पोच म्हणत नाहीत. नाकारल्याचं तोंडी सांगितलं तर लेखी मागा, आणि त्यात कुठल्या अटीवर नाकारलं हे नमूद करायला सांगा. दुसरा अर्ज त्या एका अटीपुरताच दुरुस्त करायचा असतो.