खात्यात पैसे आले: मदत म्हणून की बाजार हलावा म्हणून?

सरकारने लोकांच्या खात्यात पैसे टाकले की अर्थव्यवस्थेला फायदा होतो का? यावर हमरीतुमरीवर येण्याआधी ते पैसे कशासाठी टाकले होते हे बघायला हवं. अडचणीच्या काळात घर चालावं म्हणून दिलेली मदत वेगळी आणि मंदावलेल्या मागणीला दिलेली चालना वेगळी. 2020 साली केंद्र सरकारने दोन्ही केलं आणि बातम्यांत दोन्ही 'पॅकेज'च ठरलं.

एप्रिल ते जून 2020 मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा 500 रुपये जमा झाले. खाती 20 कोटींच्या घरात. बँकेत झुंबड उडू नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस ठरवून दिले होते: शून्य किंवा एक असेल तर 3 एप्रिल. खर्चावर अट एकही नाही, आणि घालून उपयोगही नव्हता, कारण बरीचशी दुकानं बंद होती. ही मदत. तिने फ्रिजचा खप वाढवला नाही म्हणून तिला नावं ठेवणं गैर. रक्कम तुटपुंजी होती, ही तक्रार मात्र रास्त.

12 ऑक्टोबर 2020 ला निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलेल्या एलटीसी कॅश व्हाउचर योजनेचा रोख अगदी निराळा. एलटीसी म्हणजे कर्मचाऱ्याला सुट्टीतल्या प्रवासासाठी सरकारकडून मिळणारं भाडं; या योजनेत ते प्रवास न करताही मिळणार होतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पगार चालू होता, प्रवास थांबलेला, म्हणजे हातात शिल्लक. त्यामुळे अटी बघा: प्रवासभाड्याच्या तिप्पट खरेदी करायची, 12 टक्के किंवा जास्त जीएसटी असलेल्याच वस्तू-सेवा घ्यायच्या, पैसे डिजिटल भरायचे, तेही 31 मार्च 2021 च्या आत. ज्यांना रेल्वेचं भाडं मिळतं अशा कर्मचाऱ्यांसाठी जाण्या-येण्याचं भाडं माणशी 6,000 धरलेलं. चौघांचे 24,000 पूर्ण हवेत तर 72,000 ची बिलं दाखवा. सुटे तांदूळ-डाळ चालणार नाहीत. धनत्रयोदशीचं सोनंही नाही, त्यावर जीएसटी 3 टक्केच. फ्रिज चालेल. सरकारच्या एका रुपयामागे कर्मचाऱ्याने पदरचे दोन काढावेत, असा हा चोख हिशेब. फक्त ज्याला दिवाळीत फ्रिज घ्यायचाच होता त्याने सवलत खिशात घातली, तर मागणी वाढली कुठे?

मदत आणि चालना यांच्यात कुंपण नाही, हेही खरं. हातावर पोट असलेला माणूस मिळालेला पैसा लगेच खर्च करतो, त्यामुळे मदतीतूनही दुकानदाराचा गल्ला भरतो. अमेरिकेने 2020-21 मध्ये एकाच चेकने दोन्ही साधायला बघितलं: आधी 1,200 डॉलर, मग 600, मग मार्च 2021 मध्ये 1,400. नोकरी गेलेल्यालाही तेवढेच आणि घरून काम करत पूर्ण पगार घेणाऱ्यालाही तेवढेच. फक्त वरच्या उत्पन्नगटाला कात्री. पहिला चेक आला त्या एप्रिलमध्ये बचतीचं प्रमाण 30 टक्क्यांच्या वर गेलं. ज्यांना गरज होती त्यांची घरं त्या चेकने सावरली. बाकीच्यांचा पैसा साठला आणि पुढे माल अपुरा असताना बाजारात उतरला. जून 2022 मध्ये तिथली महागाई 9.1 टक्क्यांवर होती. त्यात युक्रेन युद्ध आणि विस्कळीत पुरवठ्याचा वाटा आहेच, पण चेकही नामानिराळे राहत नाहीत.

आपल्याकडे जुलै 2024 पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या दरमहा 1,500 रुपयांचं समर्थन 'पैसा बाजारात फिरतो' असं केलं जातं. किराणा दुकानापुरतं ते बरोबर. पण ती मंदीवरचा उतारा म्हणून आलेली नाही, तिला अंतिम तारीख नाही आणि 2025-26 च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी 36,000 कोटींची तरतूद होती. एवढा पैसा दुसऱ्या कामांना कात्री लावून उभा केला, तर तिथल्या कंत्राटदाराची आणि मजुराची खरेदी तेवढीच घटते. मला विचाराल तर या योजनेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जीडीपी मध्ये आणूच नये. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसा आल्याने औषध, फी, उधारी यांत काय फरक पडला ते दाखवावं.