घरगुती वस्तूंचा पुनर्वापर (सातारा व सांगली जिल्हे)

घरगुती वस्तूंचा पुनर्वापर : एका कामातून उतरलेली वस्तू टाकून न देता तिला दुसरे, मग तिसरे काम लावण्याची सातारा व सांगली जिल्ह्यांतील घरोघरची रीत. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला हिलाच ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणतात. पण तिथे आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड होतो आणि पुढे कपाटावर धूळ खातो. घरातली रीत शोभेची नाही. ‘आसूदे, लागंल कवातरी’ असे म्हणून बाजूला ठेवलेल्या वस्तूला पुढचा घेणारा बहुधा ठरलेला असतो. तो कधी गोठ्यातली म्हैस असते, कधी खळे, कधी दारावर येणारा कल्हईवाला. ही रीत टिकली ती कल्पकतेपेक्षा या घेणाऱ्यांमुळे, आणि जिथे ती मोडली तिथे आधी हेच घेणारे नाहीसे झाले आहेत.

या दोन जिल्ह्यांतच तीन तऱ्हेचे मुलूख आहेत. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि सांगलीचा शिराळा हा सह्याद्रीलगतचा पावसाळी पट्टा. कराड, वाळवा, पलूस, मिरज हा कृष्णाकाठचा उसाचा. आणि माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा पर्जन्यछायेतला. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण-आटपाडीकडे 500 मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे एकाच पोत्याचे पाटणला एक होते आणि आटपाडीला दुसरेच.

कापड

सगळ्यांत लांब प्रवास कापडाचा, त्यातही लुगड्याचा. नऊवारी लुगडे बसण्या-उठण्याने मध्येच विरते, काठ आणि टोके मात्र धड राहतात. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि धड तुकडे एकमेकांना शिवायचे. याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडे रानात नेसायचे, बाजाराला नाही. तेही फाटले की मऊ पडलेल्या भागाची बाळुती, झबली आणि कुंच्या होतात. बाळाला पहिल्यांदा जुनेच कापड घालावे, असे म्हणण्यात रूढी आहे तसा व्यवहारही आहे : अनेकदा धुतलेल्या सुती कापडात खळ उरत नाही आणि ते नाजूक कातडीला बोचत नाही.

यानंतर वाकळ. इतरत्र गोधडी म्हणतात तिला इकडे वाकळ म्हणतात. जत भागातल्या कानडी घरांत तीच कौदी. सारवलेल्या जमिनीवर किंवा फरशीवर एक बऱ्यापैकी लुगडे अस्तर म्हणून अंथरतात. त्यावर धोतराची पाने, फाटके सदरे, परकर, चादरींचे तुकडे सुरकुती न पडू देता पसरतात आणि वर पुन्हा एक धड लुगडे घालतात. आधी लांब टाके मारून सगळे थर जागच्या जागी धरायचे. मग कडेने धावदोरा सुरू करून चौकोनामागून चौकोन घालत मध्यावर यायचे. टाका कडेकडून आत येत असल्याने फुगवटा मध्ये ढकलला जाण्याची भीती असते, म्हणून दोघी-तिघी चारी बाजूंनी बसून कापड ताणून धरतात. सुगी आटोपल्यानंतरचा उन्हाळा हे वाकळ शिवायचे दिवस, कारण पेरणी सुरू झाली की कोणालाच बसायला सवड नसते. जुनी जीर्ण वाकळही टाकत नाहीत. ती नव्या वाकळेच्या पोटात जाते. त्यामुळे एखादी जड वाकळ उसवली तर आत दोन पिढ्यांचे कापड निघते.

या कामाचे कौतुक करताना एक गोष्ट सहसा राहून जाते. वाकळ फुकट पडत नाही. तिला अनेक दुपारी लागतात आणि त्या दुपारी घरातल्या बायकांच्या असतात, दिवसभराचे रानातले आणि चुलीचे काम उरकल्यानंतरच्या. काटकसर घराची म्हटली तरी तिचा भार सगळ्यांवर सारखा पडत नव्हता.

वाकळेत न बसलेल्या चिंध्यांना वेगळी कामे. डोक्यावर घागर किंवा पाटी घ्यायला चुंबळ, चूल आणि जमीन सारवायला पोतेरे, दिव्याला काकडा. काठाच्या रंगीत पट्ट्या जपून ठेवून बैलाच्या झुलीला लावतात. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, त्या झुली बाहेर निघतात.

साडी सुती होती तोवर ही साखळी अखंड होती. पॉलिस्टरच्या साड्या आल्या आणि ती मध्येच तुटली. पॉलिस्टर विरत नाही, मऊ पडत नाही, घाम शोषत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे वाकळ गोळा होते. पण या न विरण्यानेच त्या साडीला शेतात जागा मिळाली. आटपाडीकडे डाळिंबाच्या बागांवर जुन्या साड्या अंथरलेल्या दिसतात. उन्हाच्या तडाख्याने फळाच्या सालीवर पडणारे करपे डाग त्यांमुळे कमी होतात. शिराळा आणि पाटणच्या डोंगरकडेला रानडुकरांपासून भुईमूग, मका, भात राखण्यासाठी शेताभोवती खुंट्या रोवून साड्यांचे कुंपण करतात. वाऱ्याने हलणाऱ्या रंगीत कापडाला डुकरे किती बुजतात, हा वादाचा विषय आहे. बांधावर जागल मात्र त्या कुंपणानंतरही करावी लागते. बागेला लागणाऱ्या साड्या एका घरातून निघणे शक्य नसल्याने आता त्या विकतही घेतल्या जातात. म्हणजे पूर्वी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडीवालीच्या टोपलीत जाणारी साडी हल्ली बागायतदाराकडे जाते.

पोती, डबे आणि कॅन

तागाच्या पोत्याला इकडे किलतान म्हणतात, प्लास्टिकच्याला नुसते पोते. धान्य, साखर, पेंड, खत यांमुळे शेतकऱ्याच्या घरी पोत्यांना तोटा नसतो आणि दाभण-सुतळी प्रत्येक घरात असते. पोती उसवून, एकमेकांना जोडून केलेले तळवट खळ्यावर मळणीला अंथरतात. तेच एरवी हळद, शेंगा, मिरच्या वाळवायला चालते. पावसाळी पट्ट्यात पोत्याचा तळाचा एक कोपरा दुसऱ्यात आत दुमडून खोळ करतात. ती डोक्यावरून घेतली की पाठ झाकते आणि दोन्ही हात भातलावणीला मोकळे राहतात. बांबू आणि पानांचे इरले जड होते, आणि ते विणायला हात लागत. खताच्या प्लास्टिक पोत्याने ती अडचण मिटवली.

दुष्काळी तालुक्यांत तागाचे पोते पाणी थंड ठेवते. खाद्यतेलाचा 5 लिटरचा रिकामा कॅन घ्यायचा, त्याच्याभोवती किलतानाचा तुकडा दाभणाने घट्ट शिवायचा आणि रानात जाताना तो भिजवायचा. तागातले पाणी वाफ होऊन उडताना कॅनमधली उष्णता घेऊन जाते. कोरड्या हवेत वाफ लवकर होते, म्हणून माण-आटपाडीच्या उन्हात हा कॅन चांगला काम देतो आणि कोयनेच्या दमट पावसात त्याचा काही उपयोग नाही. प्लास्टिकच्या पोत्यानेही तो जमत नाही. ते पाणी धरत नाही. तागाचे पोते दुर्मीळ झाल्यापासून लोक त्याजागी जुन्या वाकळेचा तुकडा शिवतात.

तेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा हा या मुलखातला बहुरूपी. वरचा पत्रा कापून, कडा आत वळवून, आडवी लाकडी दांडी ठोकली की बादली होते. झाकण बसवले की ज्वारीचा किंवा डाळीचा डबा, तळाला खिळ्याने भोके पाडली की चाळण किंवा तुळशीची कुंडी. औषधाच्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून, त्यातून पत्र्याची नळी आणि चिंधीची वात घातली की रॉकेलची चिमणी तयार. कराडजवळच्या ओगलेवाडीला 1916 मध्ये ओगले काच कारखाना निघाला आणि त्याचे ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोचले, तरी तेल कमी खाते म्हणून चिमणी कोपऱ्यात राहिलीच. वीज आली, रेशनवरचे रॉकेल गेले, आणि चिमणीही गेली.

रंगाच्या 20 लिटरच्या बादल्या, कापलेल्या कॅनची केर भरायची सुपली, वलणीच्या तारेवर चढवलेली ठिबकची जुनी नळी (तारेचा गंज कपड्यांना लागत नाही) ही अलीकडची भर.

मोड, कल्हई, डाख, टाकी

तांब्या-पितळेचे भांडे इथे कधीच संपत नाही. चेपले तर ठोकून घ्यायचे, गळाले तर डाख (धातू वितळवून लावलेला सांधा) लावून घ्यायचा आणि अगदीच निकामी झाले तर तांबटाकडे मोड म्हणून वजनावर द्यायचे. मोडीचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होतात, म्हणून लग्नातल्या घागरीत आजीच्या हंड्याचे पितळ असू शकते.

कल्हई हा या व्यवस्थेचा कणा. ताक, चिंच, आमसूल यांतली आंबट द्रव्ये तांब्या-पितळेला लागली की अन्न कळकते. त्यावर उपाय म्हणजे आतून कथलाचा पातळ थर. कल्हईवाला झाडाखाली खड्डा खणून भट्टी लावतो, भात्याने निखारे फुलवतो, भांडे तापले की आत नवसागर टाकून मळ काढतो आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवतो. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून एवढ्याशा भट्टीत हे काम होते. नवसागराचा पांढरा, नाकाला झोंबणारा धूर आणि पाण्यात बुडवल्यावरचा चर्र आवाज यांसाठी पोरे भोवती गर्दी करीत. स्टेनलेस स्टीलला कल्हई लागत नाही आणि कल्हईवाल्याशिवाय पितळेचे पातेले वापरता येत नाही. त्यामुळे कल्हईवाल्याची फेरी थांबली की गावातली पातेली एकदमच माळ्यावर जातात.

दगडी जाते आणि पाटा-वरवंटा गुळगुळीत झाले की टाकी लावून घेतात. छिन्नीच्या बारीक घावांनी दगड पुन्हा खरखरीत होतो. दारावर येणाऱ्यांत भांडीवालीही असे, जुन्या कपड्यांवर स्टीलचे भांडे देणारी. ती कापड उन्हाकडे धरून विरलेले हेरायची आणि घासाघीस चांगली रंगायची. विंचरताना निघालेले केस भिंतीच्या फटीत खोचून ठेवत, तेही ती किंवा फुगेवाला घेऊन जाई. मुलांचा बाजार वेगळाच : तुटकी चप्पल, लोखंडाचा तुकडा, रिकामी बाटली देऊन गारीगार घ्यायचे. त्या लोभापायी घरातल्या चांगल्या वस्तूही गेल्याच्या तक्रारी जुन्या माणसांकडे भरपूर आहेत.

रद्दी आणि स्वयंपाकघर

रद्दीचा एक वापर खास सांगण्यासारखा आहे. कागद दोन-तीन दिवस भिजवून कुटायचा, त्यात भिजलेल्या मेथ्या वाटून घालायच्या आणि हा लगदा पालथ्या पातेल्यावर थापून वाळवायचा. सुटून आली की हलकी, टणक टोपली मिळते. मेथीचा बुळबुळीत अंश लगदा चिकटून धरतो आणि तिच्या कडवटपणामुळे कीड दूर राहते. फटी पडलेल्या बांबूच्या दुरड्याही याच लगद्याने लिंपून पुन्हा वापरात आणतात.

स्वयंपाकघरात कोंड्याचा मांडा करण्याची सवय असल्याने उरलेसुरले फारसे उरतच नाही. शिळी भाकरी फोडणीला, दोडक्याच्या शिरा चटणीला, चिंचेचा चोथा पितळ घासायला, चुलीची राख आणि नारळाची शेंडी बाकीच्या भांड्यांना. भाजीची देठे, डाळ-तांदळाचे धुवण, खरकटे हे म्हशीच्या आंबोणात जाते. दुष्काळी भागात धुण्याचे पाणी परसातल्या शेवग्याला किंवा केळीला वळवतात. म्हैस विकली गेली की खरकटे कचरा ठरते, गॅस आला की राख संपते. नगरपालिका आता ओला आणि सुका कचरा वेगळा मागतात, पण गोठा असलेल्या घरात ओला कचरा असा नव्हताच.

पुनर्वापर कशाचा करू नये

तासगाव, मिरज, पलूस, खानापूर हा द्राक्षपट्टा. छाटणीपासून फळ उतरेपर्यंत अनेक फवारण्या होतात आणि औषधांचे जाड प्लास्टिकचे, फिरकीच्या झाकणाचे डबे घरी साठतात. ते दिसायला इतके चांगले असतात की पाणी, रॉकेल, बियाणे ठेवायचा मोह होतो. धुतल्यानेही त्यांतला अंश पूर्ण जात नाही. कीटकनाशक नियम, 1971 नुसार असे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात. प्रत्यक्षात ते तीन वेळा खळबळून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून, तळाला भोक पाडणे एवढे तरी करावे. भोक पाडलेला डबा कोणी उचलून नेत नाही. खताच्या पोत्याची खोळ चालते, पण त्यात खाण्याचे धान्य भरू नये.

छापील रद्दीत भजी-वडे बांधू नयेत, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2016 मध्ये कळवले, कारण शाईतली द्रव्ये तेलात उतरतात. त्याच प्राधिकरणाच्या नियमाने 1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल वारंवार तापवल्याने वाढणाऱ्या द्रव्यांचे) प्रमाण 25 टक्क्यांपर्यंतच चालते. घरी हे मोजता येत नाही, म्हणून काळे पडलेले, फेसाळणारे तेल पुन्हा कढईत घालू नये; बिजागऱ्यांना आणि बैलगाडीच्या कण्याला ते चालते.