फौजी गेल्यावर काकूंची पेन्शन काहून अडकते : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

बाबा हवालदार म्हणून फौजेतून निघाले आणि नागपूरजवळच्या वाडीत घर बांधून राहिले. ते गेले तेव्हा आईची फॅमिली पेन्शन चालू व्हायला आम्हाला सात महिने लागले, आणि खरं सांगतो, चूक कोणत्याच ऑफिसची नव्हती, आमचीच होती. पीपीओवर, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरवर, आईचं नाव शांताबाई, आधारवर नुसतं शांता, पॅनकार्डावर माहेरचं आडनाव, आणि जन्मतारीख तर पीपीओत नव्हतीच. बाबांची पेन्शन दर महिन्याला बरोबर येऊन राहिली होती म्हणून तो कागद वीस वर्षं कोणी उघडूनच पाहिला नाही. तेव्हापासून वस्तीतले लोकं फाईल घेऊन माझ्याकडे येतात, तर म्हटलं एकदा लिहूनच टाकतो.

आधी तो पीपीओ काढा. ट्रंकेत असन, देवघराच्या ड्रॉवरमध्ये असन, जिथं असन तिथून काढा. जुना सापडत नसन तर स्पर्शवर लॉगिन करा. स्पर्श म्हणजे संरक्षण खात्याची पेन्शनची ऑनलाईन सिस्टीम, प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन ऑफिसची, म्हणजे फौजेच्या पेन्शनचा हिशेब पाहणाऱ्या ऑफिसची. आधी पेन्शन बँकेच्या सीपीपीसीतून, म्हणजे बँकेच्या पेन्शनच्या मुख्य ऑफिसातून यायची, आता स्पर्शमधून थेट खात्यात येते, म्हणून बँकेत जाऊन "माझी पेन्शन कमी काहून आली" विचारलं तर बँकवाला हात वर करतो आणि त्याचंही बरोबर आहे. स्पर्शवर नवीन पीपीओ नंबर असतो, जुन्यापेक्षा वेगळा, आणि प्रोफाईलमध्ये बायकोचं नाव, जन्मतारीख, आधार, पॅन, मुलंबाळं सगळं दिसते. तिथं जे दिसते ना तेच उद्या खरं धरल्या जाते, तुमच्या घरी काय आहे ते नाही.

आता पैशाचा हिशेब थोडक्यात. जवान आणि जेसीओला (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) पेन्शनसाठी १५ वर्षं सर्व्हिस लागते, ऑफिसरला २०. (अग्निवीरांना पेन्शन नाही, त्यांनी यात स्वतःला शोधू नये.) पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, पगारात बेसिक आणि मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून. बायकोला मिळते ती साधी फॅमिली पेन्शन ३० टक्के, महिन्याला कमीत कमी ९००० आणि वरून महागाई भत्ता. समजा पगार ५०,००० धरला, तर फौजीची पेन्शन २५,००० आणि बायकोची १५,०००. पण यात एक गोष्ट आहे जी बऱ्याच घरी माहीत नसते, फौजी रिटायर झाल्यावर पण ६७ वर्षाच्या आत गेला तर सुरुवातीला वाढीव दर लागतो, म्हणजे ५० टक्केच, सात वर्षं किंवा तो ६७ चा झाला असता ती तारीख, जे आधी येईल तिथपर्यंत. सर्व्हिसमध्ये असतानाच गेला तर हा वाढीव दर दहा वर्षं. ७२ व्या वर्षी गेला तर सरळ ३० टक्के. जुन्या पेन्शनरांचे आकडे वन रँक वन पेन्शनच्या (सारखी रँक, सारखी सर्व्हिस, तर सारखी पेन्शन) तक्त्यातून येतात, तो तक्ता दर पाच वर्षांनी बदलतो, शेवटचा १ जुलै २०२४ पासूनचा, आणि फॅमिली पेन्शनचाही त्यात वेगळा तक्ता आहे. म्हणून माझं उदाहरण फक्त समजायला, त्यावरून भांडायला जाऊ नका.

मृत्यू ड्युटीमुळे किंवा ड्युटीमुळे वाढलेल्या आजारानं झाला असन तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ती ६० टक्के. लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत गेला तर लिबरलाईज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटचा पगार जेवढा तेवढी. ज्यांना डिसेबिलिटी पेन्शन होती त्यांच्या घरच्यांनी एक काम नक्की करा, हॉस्पिटलचे सगळे कागद आणि मृत्यूचं कारण लिहिलेला कागद सांभाळून ठेवा. डिसेबिलिटीचा भाग माणसासोबत संपते, पण मृत्यू त्याच डिसेबिलिटीमुळे झाला असन तर स्पेशल फॅमिली पेन्शन मागता येते, आणि तेव्हा कागद नसला तर कोणी ऐकत नाही.

लोकं नेहमी विचारतात की बाबांनी निघताना पेन्शन विकली होती, मग आईची पण कापतील का. नाही कापत. कम्यूट केलेल्या भागाची कपात फौजीच्या पेन्शनमधून १५ वर्षं होते आणि मग ती पूर्ण होऊन परत येते, फॅमिली पेन्शनमधून कम्यूटेशनचा एक रुपया जात नाही.

पात्र कोण? आधी बायको किंवा नवरा. रिटायर झाल्यावर लग्न केलं असन तरी पात्र, फक्त नोंद पाहिजे. पहिलीशी कोर्टातून घटस्फोट न घेता दुसरं केलं असन तर दुसरीला नाही, मग गावात पंचांनी काहीही लिहून दिलेलं असो. बायको नसन तर मुलं, २५ वर्षं वय होईपर्यंत किंवा लग्न किंवा कमाई सुरू होईपर्यंत. अविवाहित, विधवा, घटस्फोटित मुलगी २५ नंतरही घेऊ शकते, उत्पन्नाची मर्यादा असते, आणि घटस्फोटाचा दावा आईबाप जिवंत असताना दाखल झालेला असला तरी चालते. दिव्यांग मूल असन तर आयुष्यभर मिळते. आणि इथं मी हात जोडून सांगतो, ते नाव आणि सर्टिफिकेट बाप जिवंत असतानाच चढवून घ्या. आईबाप दोघं गेल्यावर एखाद्या काकाला किंवा बहिणीला हे सगळं सिद्ध करत फिरावं लागते, मी पाहिलं आहे, फार वाईट हाल होतात.

नाव दुरुस्तीचं कसं करायचं. स्पेलिंगचा किरकोळ फरक असन तर स्पर्शच्या लॉगिनमधूनच रिक्वेस्ट टाकून कागद अपलोड करता येतात. नावच वेगळं असन किंवा बायकोची नोंदच नसन तर रस्ता लांबचा आहे. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, लग्नाचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि जॉईंट फोटो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, ते कागद तपासून रेकॉर्ड ऑफिसला पाठवतात, तिथं पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमध्ये बदल नोंदवणारा आदेश) निघते आणि मग प्रयागराजहून सुधारित पीपीओ येतो. रेकॉर्ड ऑफिस म्हणजे तुमच्या रेजिमेंटचं, जिथं राहता तिथलं नाही. गार्ड्स रेजिमेंटवाल्यांचं नशीब चांगलं, त्यांचं इथंच कामठीला आहे, ऑटोनं जाऊन येता येते. महारवाल्यांचं सागरला, मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, ईएमईचं सिकंदराबादला. नागपूरच्या वायुसेनानगरात एअरफोर्सची अख्खी मेंटेनन्स कमांड बसली आहे म्हणून एअरफोर्सवाले तिकडे चक्कर मारतात, पण त्यांचा रेकॉर्ड दिल्लीला सुब्रतो पार्कला. एवढ्या लांब स्वतः जायची गरज पडत नाही, पोस्टानं आणि सैनिक कार्यालयामार्फत होते, फक्त दर वेळी आर्मी नंबर, रँक आणि पीपीओ नंबर कागदाच्या वर लिहा आणि पोचपावती ठेवा.

आता प्रत्यक्ष माणूस गेल्यावर काय. पहिली चूक हॉस्पिटलमध्येच होते बाप्पा. तिथं मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरायला घरचं कोणी शुद्धीवर नसते, मग शेजारचा किंवा पुतण्या भरतो, त्याला काका हे नाव माहीत, कागदावरचं नाव माहीत नाही. नोंद २१ दिवसांत व्हायला पाहिजे हे सगळ्यांना माहीत असते, पण नाव पीपीओप्रमाणे पाहिजे हे कोणी सांगत नाही. म्हणून तो फॉर्म आधारची झेरॉक्स समोर ठेवून भरा. आणि दाखला मृत्यू जिथं झाला तिथला मिळते, घर कुठं आहे त्यावर नाही. घर कामठी कॅन्टोन्मेंटमध्ये आणि मृत्यू नागपूरच्या हॉस्पिटलमध्ये झाला असन तर दाखला महापालिकेचा. पाच-सहा प्रती एकदमच काढून घ्या, नंतर एकेकीसाठी चकरा.

दुसरं, तेरवी होईपर्यंत थांबू नका, स्पर्शवर मृत्यू कळवा. लॉगिन नसलं तरी होमपेजवरून कळवता येते, नाही जमलं तर सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ज्या बँकेत स्पर्शचं सर्व्हिस सेंटर आहे तिथं जा. कळवलं नाही तर पुढच्या महिन्याची पेन्शन जमा होत राहते, घरच्यांना वाटते बरं झालं, एटीएमनं काढून खर्चही होते, आणि मग ती सगळी वसूल होते. फौजीची पेन्शन त्याच्या मृत्यूच्या तारखेपर्यंत, दुसऱ्या दिवसापासून काकूंची. मधले जे दिवस त्याचे राहिले असतील ते लाईफ टाईम एरिअर म्हणून नॉमिनीला मिळतात, नॉमिनेशन नसन तर वारसाचे कागद मागतात, म्हणून प्रोफाईलमध्ये नॉमिनी भरलेला आहे का तेही आजच पाहून घ्या.

फॅमिली पेन्शनच्या अर्जाला लागते ते असं : मृत्यू दाखला, पीपीओ, काकूंचं आधार आणि पॅन, बँक पासबुक किंवा कॅन्सल चेक, फोटो, जन्मतारखेचा पुरावा आणि स्वतःचा मोबाईल नंबर. नवरा-बायकोचं जॉईंट खातं असन तर त्यातच पेन्शन घेता येते, नवीन खातं उघडा म्हणून कोणी अडून बसलं तर शांतपणे सांगा. आणि फौजीचं सिमकार्ड लगेच बंद करू नका! ओटीपी सगळे त्याच नंबरवर जातात, आमच्या इथं एका घरी मुलानं पंधरा दिवसांत सिम बंद केलं आणि मग आधारपासून सगळं नव्यानं करत बसले.

जन्मतारखेचं मी एवढं काहून सांगून राहिलो, तर ८० वर्षं झाल्यावर पेन्शन २० टक्के वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभर पूर्ण झाली तर दुप्पट. हे फॅमिली पेन्शनलाही लागू आहे. पण सिस्टीममध्ये तारीखच नसन तर काकू ८० च्या झाल्या हे त्या कॉम्प्युटरला कसं कळन?

पेन्शन चालू झाली की वर्षातून एकदा जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला. बहुतेकांचं नोव्हेंबरमध्ये असते, ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येते, तरी आपली तारीख लॉगिनमध्ये पाहून ठेवा. मोबाईलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी असे दोन ॲप टाकले की चेहऱ्यावरून होते, धुणीभांडी आणि शेतीत बोटांचे ठसे झिजलेल्या बायांसाठी हे फार चांगलं झालं. मंजुरी देणाऱ्या ऑफिसात डिफेन्स पीसीडीए निवडायचं आणि पेन्शन देणाऱ्यात स्पर्श. लोकं इथं सवयीनं जुनी बँक निवडतात, सर्टिफिकेट तयार होते पण जाते भलतीकडेच आणि पेन्शन थांबते. घरी कोणी नसन तर पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन करून देतो.

बाकी कामं छोटी आहेत पण राहून जातात. ईसीएचएस कार्डावर (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) फौजीचं नाव कमी करून काकूंचं स्वतःचं करून घ्या. सैनिक कार्यालयातून विधवा ओळखपत्र काढा, मुलांची शिष्यवृत्ती, मुलीच्या लग्नाची मदत, घरटॅक्सची सूट, सगळीकडे तेच मागतात. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा रिटायरमेंटनंतरचा विमा होता का ते विचारा. फौजी नंतर दुसऱ्या सरकारी नोकरीत लागला असन तर तिकडची फॅमिली पेन्शनही मागता येते, दोन्ही मिळू शकतात. इन्कम टॅक्समध्ये फॅमिली पेन्शन पगारात धरत नाहीत, इतर उत्पन्नात धरतात, आणि नवीन रिजीममध्ये त्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० यातलं जे कमी ते वजा होते.

सैनिक कार्यालयात जायचं असन तर उन्हाळ्यात सकाळी उघडल्या उघडल्या जा, काकूंना पंचेचाळीस डिग्रीत दुपारी बाहेर काढू नका. आणि नागपूरला विधानसभेचं अधिवेशन चालू असताना सिव्हिल लाईन्सच्या बाजूची कामं शक्यतो पुढं ढकला, गाडी लावायलाच जागा मिळत नाही.