उपग्रह दिक्चालन संवर्धन सेवा आणि भारताची ‘गगन’ प्रणाली

जीपीएससारख्या उपग्रह दिक्चालन प्रणालीने सांगितलेल्या स्थानातील चूक दुरुस्त करणारी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या स्थानावर या क्षणी विसंबावे की नाही हे वापरणाऱ्याला काही सेकंदांत कळवणारी व्यवस्था म्हणजे संवर्धन सेवा. ही माहिती भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहामार्फत विस्तीर्ण प्रदेशावर प्रसारित होते तेव्हा तिला उपग्रहाधारित संवर्धन सेवा म्हणतात. अमेरिकेची वास, युरोपची एग्नोस, जपानची एमसास, दक्षिण कोरियाची कास आणि भारताची गगन या तिच्या प्रमुख प्रणाली होत. एखाद्या विमानतळापुरती जमिनीवरूनच दुरुस्ती पुरवणारी व्यवस्था याहून वेगळी असून तिचा विचार येथे केलेला नाही. गगन आणि नाविक यांची गल्लत वारंवार होते, म्हणून आरंभीच सांगितलेले बरे : नाविक ही स्वतःचे उपग्रह असलेली स्वतंत्र दिक्चालन प्रणाली आहे, तर गगनचे मुख्य काम जीपीएसने सांगितलेल्या स्थानाची पारख करणे हे आहे.

अशा पारखीची गरज केवळ अचूकतेपोटी निर्माण झालेली नाही. अमेरिकेने नागरी वापरासाठीच्या जीपीएस संदेशात मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि तोवर सुमारे शंभर मीटरपर्यंत भरकटणारे स्थान काही मीटरांच्या आत येऊ लागले. रस्ता शोधणाऱ्याला एवढे पुरते. ढगांतून धावपट्टीकडे उतरणाऱ्या वैमानिकाचा प्रश्न मात्र निराळा असतो. स्थान नेहमी किती अचूक असते यापेक्षा ते आत्ता चुकलेले नाही ना, हे त्याला हवे असते. १ जानेवारी २००४ रोजी जीपीएसच्या २३ क्रमांकाच्या उपग्रहाचे अणुघड्याळ बिघडले आणि तो उपग्रह ‘सदोष’ म्हणून घोषित होईपर्यंत सुमारे तीन तास गेले. जीपीएसच्या मूळ रचनेत अशा बिघाडाची सूचना तत्काळ देण्याची सोय नाही. संवर्धन सेवा ती उणीव भरून काढते, आणि विमान वाहतुकीतील तिचे खरे मोल याच हमीत आहे.

गगनची मांडणी इतर प्रणालींसारखीच आहे. ज्यांचे स्थान अत्यंत काटेकोरपणे मोजलेले आहे अशी पंधरा संदर्भकेंद्रे देशभर उभारलेली आहेत. त्यांत दिल्ली, कोलकाता, जम्मू, जैसलमेर, पोरबंदर, दिब्रुगड, तिरुवनंतपुरम, पोर्ट ब्लेअर यांच्याबरोबर नागपूर आणि गोवा ही केंद्रेही आहेत. प्रत्येक केंद्र आपल्या डोक्यावरील जीपीएस उपग्रहांचे संदेश सतत ऐकते. केंद्राचे खरे स्थान आधीच माहीत असल्यामुळे उपग्रहाच्या संदेशात किती चूक आहे हे उलट गणिताने काढता येते. हे सर्व मापन बंगळूरच्या मुख्य नियंत्रणकेंद्रांत एकत्र होते, तेथे दुरुस्तीचा संदेश तयार होतो आणि बंगळूर व दिल्ली येथील प्रक्षेपणकेंद्रांतून तो सुमारे ३६,००० किमी. उंचीवरील भूस्थिर उपग्रहांकडे धाडला जातो. उपग्रह तो संदेश जीपीएसच्याच १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ या वारंवारतेवर खाली पाठवतात. त्यामुळे संवर्धनाची सोय असलेल्या जीपीएस ग्राहकयंत्राला वेगळा अँटेना लागत नाही, आणि सेवेसाठी काही शुल्कही द्यावे लागत नाही.

दुरुस्तीबरोबरच त्या दुरुस्तीनंतर किती चूक शिल्लक राहू शकते याचा अंदाज ग्राहकयंत्राला मिळतो. त्यावरून यंत्र स्वतःभोवती एक संरक्षणमर्यादा आखते. ही मर्यादा त्या टप्प्यासाठी मान्य केलेल्या इशारामर्यादेबाहेर गेली की वैमानिकाला सूचना मिळते आणि तो ती उतरण प्रक्रिया सोडून देतो. गगनला उतरणीच्या ज्या ‘एपीव्ही-१’ दर्जासाठी मान्यता आहे त्यात इशारामर्यादा आडव्या दिशेत ४० मी. आणि उभ्या दिशेत ५० मी. असून बिघाडाची सूचना १० सेकंदांच्या आत पोहोचणे बंधनकारक आहे. या दर्जावर आधारलेल्या ‘एलपीव्ही’ उतरण प्रक्रियेत वैमानिकाला धावपट्टी दिसत नसतानाही सुमारे २५० फुटांपर्यंत खाली येता येते. धावपट्टीजवळून रेडिओसंदेश पाठवून विमानाला उतरण्याची वाट दाखवणाऱ्या आयएलएस यंत्रणेच्या प्राथमिक श्रेणीत हीच उंची २०० फूट असते. फरक फक्त पन्नास फुटांचा, पण आयएलएससाठी प्रत्येक धावपट्टीच्या टोकाशी महागडी यंत्रे बसवून त्यांची नियमित तपासणी करावी लागते, तर एलपीव्हीसाठी त्या विमानतळावर दिक्चालनाचे एकही यंत्र लागत नाही.

भारतात ही प्रणाली उभारणे अमेरिका किंवा युरोपपेक्षा अवघड होते आणि त्याचे कारण आकाशातच होते. पृथ्वीपासून साधारण ३५० किमी. उंचीवर सर्वांत दाट असलेल्या आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातील विद्युत्भारित वायूच्या, थरातून येताना उपग्रहाच्या संदेशाला विलंब होतो आणि तेवढ्या प्रमाणात स्थान चुकते. मध्यम अक्षांशांवर हा थर बऱ्यापैकी शांत असतो. चुंबकीय विषुववृत्त मात्र भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते; तेथे वर उचलला गेलेला विद्युत्भारित वायू दोन्ही बाजूंना उतरतो आणि अहमदाबाद–कोलकाता या पट्ट्याच्या आसपास त्याची सर्वाधिक दाटी होते. महाराष्ट्र आणि गोवा हे या दोन टोकांच्या मधल्या चढावर येतात. अल्प अंतरात विलंब झपाट्याने बदलत असल्यामुळे पाच अंश बाय पाच अंशांच्या चौकटींत सरासरी काढण्याची परदेशातील रीत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यातच सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे, आयनांबरात विरळ वायूचे प्रचंड बुडबुडे उठतात आणि त्यांतून येणारा संदेश लुकलुकतो, कधी तुटतोही. या परिस्थितीसाठी इस्रोने थराची एकच उंची न मानता अनेक थर कल्पून विलंब मोजणारे स्वतःचे प्रतिमान तयार केले. गगन ही विषुववृत्तीय प्रदेशासाठी प्रमाणित झालेली पहिली संवर्धन प्रणाली ठरली, ती या कामामुळे.

इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या या संयुक्त प्रकल्पाचा खर्च ७७४ कोटी रुपये होता. तंत्रज्ञान सिद्ध करून दाखवण्याचा पहिला टप्पा २००७ मध्ये पूर्ण झाला, पण पुढचे पाऊल अडखळले. गगनचे उपकरण घेऊन निघालेला जीसॅट-४ हा उपग्रह १५ एप्रिल २०१० रोजी इस्रोच्या जीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या अयशस्वी उड्डाणात नष्ट झाला. देशी क्रायोजेनिक (अतिशीत इंधनावर चालणाऱ्या) टप्प्याचे ते पहिलेच उड्डाण होते. नंतर २०११ मध्ये जीसॅट-८, २०१२ मध्ये जीसॅट-१० आणि २०१५ मध्ये जीसॅट-१५ हे उपग्रह एरियन-५ प्रक्षेपकाने कक्षेत गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ३० डिसेंबर २०१३ रोजी गगनला मार्गातील उड्डाणासाठी, म्हणजे ०.१ सागरी मैल (सुमारे १८५ मी.) इतक्या काटेकोर मार्गपालनासाठी, आणि २१ एप्रिल २०१५ रोजी एपीव्ही-१ दर्जाच्या उतरणीसाठी मान्यता दिली. पहिली सेवा भारताच्या हवाई माहिती क्षेत्रात मिळते. दुसरी मुख्यतः भूभागावर आणि आयनांबर सामान्य स्थितीत असेल त्या दिवशी.

सेवा सुरू होणे आणि ती वापरात येणे यांत किती अंतर पडते हे आधीच्या प्रणालींनी दाखवून दिले होते. अमेरिकेची वास १० जुलै २००३ रोजी सुरू झाली. तिचा लाभ मोठ्या कंपन्यांआधी खाजगी छोट्या विमानांनी आणि प्रादेशिक कंपन्यांनी उचलला, कारण आयएलएस नसलेल्या हजारो लहान धावपट्ट्यांवर उतरण्याची गरज त्यांनाच होती. आज तेथे एलपीव्ही प्रक्रियांची संख्या चार हजारांवर असून ती आयएलएसपेक्षा कितीतरी अधिक आहे. युरोपात एग्नोसची विमान वाहतुकीसाठीची सेवा २ मार्च २०११ रोजी जाहीर झाली आणि त्याच महिन्यात फ्रान्समधील पो विमानतळावर पहिली एलपीव्ही प्रक्रिया प्रसिद्ध झाली. पुढे युरोपीय संघाने उपग्रहाधारित उतरण प्रक्रिया प्रसिद्ध करणे विमानतळांना टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले. ब्रिटनची गोष्ट उलट्या दिशेने गेली : संघातून बाहेर पडल्यानंतर २५ जून २०२१ पासून तेथील विमानांना एग्नोसची हमी मिळेनाशी झाली. संदेश आकाशातून पूर्वीसारखाच येत होता; जबाबदारीचा करार तेवढा उरला नव्हता, आणि म्हणून लहान विमानतळांच्या एलपीव्ही प्रक्रिया मागे घ्याव्या लागल्या.

भारतात २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने १ जानेवारी २०१९ पासून देशात नोंदणी होणाऱ्या सर्व विमानांना गगनची सोय अनिवार्य ठरवली. ही मुदत पुढे सरकत १ जुलै २०२१ झाली. विमान कंपन्यांची नाराजी समजण्यासारखी होती. येथील ताफ्यात मुख्यतः एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ या जातींची विमाने आहेत. ती प्रामुख्याने आयएलएस असलेल्या मोठ्या विमानतळांवर उतरतात आणि आयएलएस नसेल तेथे वायुदाबमापीच्या आधारे उंची राखून उतरण्याची प्रक्रिया त्यांच्या वैमानिकांना अवगत असते. दाबाचा आकडा चुकीचा भरला किंवा तापमान फार वेगळे असले की त्या प्रक्रियेत उंची चुकू शकते, हे खरे. पण तिच्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. सेवा फुकट, ग्राहकयंत्र बदलण्याचा आणि त्याला मान्यता मिळवण्याचा खर्च मात्र कंपनीचा, आणि लाभ होणार तो कंपनी क्वचितच जाते अशा लहान विमानतळांवर, असा हा व्यवहार होता. अमेरिकेत ज्या खाजगी छोट्या विमानांनी वासला आधार दिला तो वर्गच भारतात अगदी तोकडा आहे. हा तिढा पाहता येथील पहिली एलपीव्ही उतरण कोणी केली यात नवल नाही : एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडिगोचे एटीआर ७२-६०० जातीचे विमान राजस्थानातील किशनगड विमानतळावर गगनच्या आधारे उतरले. विमान प्रादेशिक, विमानतळही लहान. तंत्राची खरी जागा तीच होती.

हेलिकॉप्टरांची गरज याहून ठळक आहे, कारण हेलिपॅडवर आयएलएस बसवणे बहुधा शक्यच नसते आणि ढग खाली आले की उड्डाण रद्द होते. जून २०२३ मध्ये पवन हंस या हेलिकॉप्टर कंपनीच्या हेलिकॉप्टरने जुहू ते पुणे हे प्रात्यक्षिक उड्डाण गगनच्या आधारे आखलेल्या मार्गाने केले. सह्याद्रीचा घाट ओलांडणाऱ्या या मार्गावर पावसाळ्यात डोळ्यांनी वाट काढणे किती भरवशाचे असते, हे मुंबई–पुणे प्रवास करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

समुद्रावर गगनचा उपयोग वेगळ्याच वाटेने वाढला. नोव्हेंबर–डिसेंबर २०१७ मधील ओखी चक्रीवादळात खोल समुद्रात असलेल्या केरळ आणि तमिळनाडूच्या बोटींपर्यंत इशारा पोहोचलाच नाही. शेकडो मच्छीमारांनी शेवटी थेट देवगड बंदरात आसरा घेतला, तर कित्येक परतले नाहीत. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरांपुढे मोबाइलचे जाळे संपते आणि मासळीच्या मागावर बोटी त्याच्या कित्येक पट दूर जातात. गगनच्या संदेशात दुरुस्तीशिवाय थोडी जागा शिल्लक असते, तिचा उपयोग करून ‘जेमिनी’ हे उपकरण ऑक्टोबर २०१९ मध्ये आणण्यात आले. उपग्रहाकडून आलेला मजकूर ते ब्लूटूथने तांडेलाच्या (बोटीच्या प्रमुखाच्या) मोबाइलवर पोहोचवते आणि तेथे तो प्रादेशिक भाषेत उमटतो : वादळाचा इशारा, लाटांची उंची, मासळी सापडण्याची शक्यता असलेला पट्टा. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था ही माहिती पुरवते. उणीव एकच, पण मोठी : संवाद एकतर्फी आहे. बोटीवरून मदतीची हाक या उपकरणाने मारता येत नाही. व्यापारी जहाजांसाठी किनाऱ्यावरून जीपीएसची दुरुस्ती प्रसारित करणारी डीजीपीएस केंद्रे हा दीर्घकाळ मुख्य आधार होता. अमेरिकेने आपली अशी केंद्रे २०२० मध्ये बंद केली.

लोहमार्गावर भारतीय रेल्वेच्या प्रत्यक्षकालीन गाडी माहिती प्रणालीत इंजिनावर बसवलेले यंत्र गगनच्या साहाय्याने स्थान आणि वेग काढते आणि दर ३० सेकंदांनी कळवते. स्टेशनमास्तरने गाडी गेल्याची वेळ नोंदवण्याची जुनी पद्धत त्यामुळे मागे पडत आहे. येथे हमीचा प्रश्न येत नाही, कारण सिग्नल या यंत्रावर अवलंबून नाही. चुकले तर प्रवाशाला वेळ चुकीची दिसेल, इतकेच. रस्त्यावरही तसेच. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींत अनिवार्य झालेल्या आपत्कालीन संपर्क यंत्राला एग्नोसचा संदेश समजणे आवश्यक आहे, मात्र तेथेही वापर होतो तो अचूकतेचा.

गगनच्या मर्यादा दोन कारणांनी येतात. मूळ जीपीएसचा संदेशच कोणी दाबून टाकला किंवा खोटा संदेश पाठवला तर संवर्धन सेवा काही करू शकत नाही, म्हणून मोठ्या विमानतळांवर आयएलएस कायम ठेवावेच लागते. दुसरे कारण आयनांबर. विलंब हा वारंवारतेनुसार बदलतो. त्यामुळे दोन वारंवारतांवर मापन केल्यास त्याचा बहुतेक भाग गणितानेच काढून टाकता येतो आणि एलपीव्ही सेवा संध्याकाळीही अधिक भरवशाची होऊ शकते. एकाहून अधिक दिक्चालन प्रणालींचे संदेश दोन वारंवारतांवर दुरुस्त करणाऱ्या अशा सेवेची आंतरराष्ट्रीय मानके आता तयार आहेत आणि भारतापेक्षा अधिक लाभ तिचा फार थोड्या देशांना होईल. सध्या विमानांत असलेली ग्राहकयंत्रे मात्र एकाच वारंवारतेची आहेत. कंपन्यांनी नुकतीच घेतलेली ही यंत्रे बदलेपर्यंत जुनी आणि नवी अशा दोन्ही सेवा गगनला शेजारी शेजारी चालवाव्या लागतील.